अंतिम फेरीत झोपलेला वक्ता

पंचफुला मेश्राम यांचं ऑफिस नागपुरात धंतोलीत होतं, म्हणजे दोन हॉस्पिटलं आणि एक पॅथॉलॉजी लॅब यांच्या मधोमध. त्यामुळे दिवसाकाठी दोन-चार माणसं हातात लघवीची बाटली घेऊन आत येत. दारावर 'खाजगी तपास' असं लिहिलेलं वाचून मग तर हमखास येत.

सोमवारी सकाळी आलेल्या माणसाच्या हातात बाटली नव्हती, म्हणून मधुसूदन हरकरेंनी त्याला खुर्ची दिली.

हरकरे हे पंचफुलाबाईंचे मदतनीस. विमा कंपनीत उभा जन्म लोकांना पटवण्यात गेला आणि निवृत्तीनंतर त्यांना स्वतःला कोणाचंही काहीही पटू लागलं. पंचफुलाबाई गुन्हे शाखेतून फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना सहसा काही पटत नसे. जोडी त्यामुळेच टिकली होती.

"मी देवराव शेंडे," तो माणूस म्हणाला. "नंदनवनात राहतो. एसटीत ड्रायव्हर आहो. माझ्या पोरीवर आळ आला, मॅडम. औषध पाजल्याचा."

"कोणाले?"

"तिच्याच कॉलेजातल्या पोराले."

"मेला काय?"

"नाही जी. झोपला."

पंचफुलाबाईंनी चष्मा वर सरकवला. "नीट, पहिल्यापासून सांगा."

देवरावांनी सांगितलं ते असं. वाग्वैभव मंडळाच्या आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेची अंतिम फेरी रविवारी झाली. प्रत्येक कॉलेजचे दोन वक्ते. एक विषयाच्या बाजूने बोलतो, दुसरा विरोधात. म्हणजे एकाच गाडीतून येतात, एकाच डब्यातलं खातात आणि स्टेजवर एकमेकांचे मुद्दे फाडतात. दोघांच्या गुणांच्या बेरजेवर फिरता करंडक. सर्वोत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस वेगळं.

विषय होता, 'मोबाईलने माणूस माणसाच्या जवळ आणला आहे.' देवरावांची मोनाली विरोधात बोलली, चहाच्या सुट्टीआधी. त्याच कॉलेजचा पियुष कडू बाजूने बोलणार होता, सुट्टीनंतर. त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो पहिल्या रांगेत डोळे मिटून बसला होता. लोकांना वाटलं चिंतन करतो आहे. दुसऱ्यांदा पुकारल्यावर तो घोरला. शेजारी माईक असल्यामुळे ते शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोचलं.

"दवाखान्यात नेलं," देवराव म्हणाले. "डॉक्टर म्हणे, सर्दी-खाजेची गोळी असते ना, झोप येणारी, तिचा मोठा डोस गेला पोटात. संध्याकाळी उठला आन् म्हणे, माझा नंबर आला काय."

"आन् मोनालीवर काहून?"

"माझी माय, तुळसाबाई, तिले थर्मासमध्ये ज्येष्ठमधाचा काढा करून देते. दोघंही त्यातलाच पितात. मोनालीनं तो थर्मास मंग नळावर विसळला. आन् मायले खाजेचा त्रास आहे, तं तसल्याच गोळ्या घरात आहेत." देवराव थांबले. "मंडळानं रविवारीच हात वर करून ठराव घेतला. उद्या दुपारी बैठक आहे, सह्या होतील. स्पर्धेतून कायमची बाद, प्रिन्सिपलले पत्र आन् पोलिसात तक्रार. पोरीले वकील व्हायचं आहे, मॅडम. केस लागली तं कोण करते तिले वकील?"

"पोरगी काय म्हणते?"

"म्हणे, मी नाही केलं. बस. लोक म्हणून राहिले, स्टेजवर एवढी बोलते, मंग आता काहून गप्प?"

पंचफुलाबाई उठल्या. "मधुभाऊ, गाडी काढा."

*

मंडळाचे अध्यक्ष कृष्णकांत देशकर यांनी दोघांना बसवलं आणि स्वतः उभे राहिले. बसून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"मी कोणावरही आरोप करत नाही," ते म्हणाले. "मी केवळ घटना मांडतो. काढा कोणाचा? तिचा. थर्मास कोणी धुतला? तिने. गोळ्या कोणाच्या घरी? तिच्या. पियुष बोलला नाही तर वैयक्तिक बक्षिसाच्या वाटेतला काटा कोणाचा दूर झाला? पुन्हा, तिचा."

हरकरेंची मान आपोआप हलू लागली.

"शिवाय हे ऐका." देशकरांनी मोबाईलवर रेकॉर्डिंगचा एक तुकडा लावला. मोनालीचा हसरा आवाज आला: 'पियुषचं भाषण ऐकून लोक झोपतात, एक दिवस तो स्वतःच झोपेल.'

"हे कधीचं?"

"मागच्या आठवड्यातलं. त्यांचे मार्गदर्शक पुष्कर खानझोडे सर, त्यांनीच जड अंतःकरणाने हे आमच्या निदर्शनास आणलं. केवढा मोठेपणा बघा. आणि त्या माणसावरही आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक घसरले."

"काय म्हणाले लोक?"

"म्हणे, ते पियुषचे लाड करतात, म्हणून मोनाली चिडली. म्हणे, दोघांना वेगवेगळं शिकवून त्यांनीच वैर वाढवलं. म्हणे, सुट्टीत त्यांनी पोरांकडे लक्ष ठेवलं नाही. सगळा ग्रुप वाचला मी. याव्यतिरिक्त त्यांच्याविरुद्ध कोणाला एक ओळ लिहिता आली नाही."

"बाकी स्पर्धा कशी झाली?"

देशकरांचा चेहरा उजळला. "वर्ध्याची मुग्धा पांढरीपांडे. बाजूने बोलली, सुट्टीआधीच. याच विषयाच्या प्राथमिक फेऱ्या गावोगावच्या केंद्रांवर झाल्या; वर्धा केंद्राचं कोणी यंदा पहिल्यांदाच अंतिम फेरीत आलं. शेवटी तिने आपल्या आंधळ्या आजीचा प्रसंग सांगितला. दुबईचा नातू व्हिडिओ कॉलवर आहे आणि आजी मोबाईलच्या काचेवरून हात फिरवून त्याचा चेहरा चाचपते आहे. परीक्षकांनी चष्मे काढून पुसले."

"काचेवरून चेहरा लागतो काय हाताला?"

"बाई, हे वक्तृत्व आहे."

बाहेर आल्यावर हरकरे म्हणाले, "मॅडम, मला तर वाटतं पोरीनेच केलं. सगळे मुद्दे जुळतात."

"मधुभाऊ, तुम्हाले काल रिक्षावाल्यानं पटवलं होतं की सूर्य थंड होऊन राहिला."

"त्याचेही मुद्दे जुळत होते."

*

मोनाली कॉलेजच्या पायऱ्यांवर एकटी बसली होती. उंच, सरळ पाठीची. तिच्या दोन्ही बाजूंच्या पायऱ्या मोकळ्या होत्या, आणि त्या मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत हे लांबूनही कळत होतं.

"थर्मास काहून धुतला वं?"

"काढा वाळला की बुडाला चिकटतो. मग आजी मला बोलते. नेहमीच धुते."

"तू प्यायली होती त्यातला?"

"भाषणाआधी. पियुष सुट्टीत प्यायला. म्हणजे मधल्या वेळात मी टाकू शकले असते, असं ते म्हणतात. बरोबरच आहे, शकले असते. तिथले दीडशे लोकही शकले असते."

"पियुषचं भाषण कसं होतं?"

"या विषयावरचं ऐकलं नाही कधी. केंद्रावरच्या फेरीत दोन्ही बाजू वेगवेगळ्या खोल्यांत बोलतात, आणि तयारीलाही खानझोडे सर आम्हाला वेगवेगळं बसवतात. एकमेकांचे मुद्दे आधी कळले तर स्टेजवर धार राहत नाही, म्हणतात."

"आन् मुग्धाचं?"

"ते हॉलमध्ये ऐकलं. चांगलं होतं. आजी आल्यावर माझं कठीण आहे हे कळलं. आजीला उत्तर देता येत नाही."

पंचफुलाबाई तिच्या शेजारी बसल्या. "गप्प काहून आहेस?"

"बोलले तर म्हणतात, किती सफाईने बोलते, म्हणजे खोटं बोलते. गप्प बसले तर म्हणतात, गुन्हेगार आहे. तुम्हीच सांगा मॅडम, तिसरं काय करू?"

हरकरेंचं या वेळी मोनालीच्या बाजूने मत झालं आणि ते बेसा येईपर्यंत टिकलं.

*

बेसाला पियुषचा फ्लॅट सातव्या मजल्यावर होता. पियुष पलंगावर होता आणि त्याची आई त्याच्यासमोर शिऱ्याची वाटी धरून बसली होती, जणू तो झोपेतून नाही, युद्धातून परतला होता.

"रविवारी सकाळपासून काय काय पोटात गेलं?"

"तर्री पोहे. मोनालीचा काढा. बस."

"आठवून सांग."

"बस, मॅडम. भाषणाच्या दिवशी मी जास्त खात नाही."

"मुग्धाचं भाषण ऐकलं?"

"नाही. मी मागच्या व्हरांड्यात कानात इअरफोन घालून उजळणी करत होतो. दुसऱ्याचं ऐकलं की पाठांतर हलतं."

"वादविवाद आहे ना? दुसऱ्याचं ऐकल्याशिवाय वाद कसा घालतो गा?"

पियुषला हा प्रश्न नवीन होता. "सर खंडनही आधीच लिहून देतात. म्हणजे मुद्दे माझे, शब्द सरांचे." त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "मुद्देही तसे सरांचेच."

"मोनालीनं केलं असं वाटते तुले?"

"सगळे म्हणतात म्हणजे असेल. पण तिने काहून करावं? मी नाही बोललो तर करंडक तिचाही गेला." त्याचा चेहरा पडला. "शेवट असा जमला होता ना, मॅडम. अगदी घरातला प्रसंग होता. हॉल रडला असता."

"घरातला म्हणजे?" आई म्हणाली. "आपल्या घरात कोण आहे? त्याचे आजी-आजोबा चौघंही तो जन्मायच्या आधीच गेले. तू शिरा खा आधी."

*

पुष्कर खानझोडे यांचा वर्ग एका जुन्या इमारतीत होता. भिंतीवर करंडकांचे फोटो. सर देखणे होते, आवाज त्याहून देखणा. जाजमावर पाऊल पडताच धूळ उडाली आणि त्यांना लागोपाठ शिंका आल्या.

"माफ करा. धुळीची ॲलर्जी आहे. गोळ्या खिशातच असतात, पण घेतो रात्रीच, दिवसा घेतली तर वर्गात मीच झोपेन."

हरकरेंनी डोळे मोठे करून पंचफुलाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पाहिलंच नाही.

"सर, रविवारी सुट्टीत तुम्ही कुठं होता, एवढंच विचारायचं होतं."

सर हसले. पुढे झुकले. हात टेबलावर ठेवले.

"तुमच्या मनात काय आहे ते मला कळतं. तुम्ही म्हणाल, पियुषचे लाड केले म्हणून मोनाली चिडली. तर गेल्या वर्षी वैयक्तिक बक्षीस मोनालीचं होतं, आणि तेव्हाही मार्गदर्शक मीच होतो. तुम्ही म्हणाल, वेगवेगळं शिकवून वैर वाढवलं. तर विरोधकांना एका खोलीत शिकवणारा मार्गदर्शक मला दाखवा. तुम्ही म्हणाल, लक्ष ठेवलं नाही. तर ही मुलं पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, बालवाडीत नाहीत. तुम्ही म्हणाल, मी मुलांना भाषणाआधी मध-आलं चाटवतो. तर ते बारा वर्षं चाटवतो आहे, आजवर त्याने एकही मूल झोपलेलं नाही. राहता राहिली मोनाली. मी तिला लेकीसारखं वाढवलं. पण सत्यापुढे लेकही परकी."

"म्हणजे सुट्टीत कुठं होता?"

"मुलांबरोबर. आणखी कुठे असणार?"

जिना उतरताना हरकरेंनी डोळे पुसले. "शेवटचं वाक्य काय होतं हो." मग त्यांना आठवलं. "पण गोळ्या? त्यांच्याकडेही त्याच गोळ्या आहेत. तेच असतील चोर."

"आत्ता रडत होता ना?"

"दोन्ही पटलं."

"गोळी तं माझ्या पर्समध्येही आहे, मधुभाऊ. या धुळीत अर्ध्या नागपूरच्या घरी आहे. ज्या कारणानं पोरीले पकडणं चूक, त्याच कारणानं सरांले पकडणंही चूक." त्या पायरीवर थांबल्या. "मी त्यांले एक प्रश्न विचारला. त्यांनी चार आरोपांची उत्तरं दिली. घरी जाऊन मोजा."

*

मंगळवारी दुपारी मंडळाच्या सभागृहात वीस-पंचवीस सभासद जमले होते. समोरच्या टेबलावर ठराव टाईप होऊन तयार. एका बाजूला मोनाली आणि एसटीच्या खाकीत देवराव. दुसऱ्या बाजूला खानझोडे सर, पियुष, आणि पंचफुलाबाईंनी फोन करून बोलावलेली मुग्धा पांढरीपांडे. गोल चेहऱ्याची, घाबरलेली.

आत जाण्यापूर्वी पंचफुलाबाईंनी तिला विचारलं होतं, "भाषण कोणी लिहिलं?"

"मी... म्हणजे मामांनी मदत केली. मामा नागपूरला शिकले आहेत."

"आजी कोणाची?"

मुग्धा लाल झाली होती आणि आत पळाली होती.

देशकरांनी प्रास्ताविक सुरू करण्याआधीच पंचफुलाबाई उभ्या राहिल्या.

"मले भाषण येत नाही. म्हणून सरळ सांगते. तुमच्या ठरावात पाच कारणं आहेत. काढा तिचा होता. बरोबर, पण थर्मास उघडा टेबलावर होता. तिनं तो धुतला. रोज धुते. तिच्या घरी गोळ्या आहेत. इथं ज्यांच्या घरी आहेत त्यांनी हात वर करा."

मग एक हात वर गेला. मग सात-आठ. खानझोडे सरांनीही केला, मोठेपणाने.

"ती म्हणाली, पियुष एक दिवस झोपेल. मी माझ्या जावयाले रोज म्हणते, एक दिवस तू मरशील. अजून आहे. तिचा फायदा झाला. झाला, तसा अंतिम फेरीतल्या प्रत्येकाचा झाला, आन् वर तिच्या कॉलेजचा करंडक गेला तो वेगळा. ज्याचा फायदा त्याचाच गुन्हा, असं असतं तं पाऊस आल्यावर पोलीस छत्रीवाल्याले धरून नेते."

कोणीतरी हसलं आणि देशकरांनी त्याच्याकडे पाहिलं.

"वर एक सहावं आहे, कागदावर नसलेलं. ती गप्प आहे. तुम्ही सगळे वाद घालणारे लोक. समोरच्यानं उत्तर दिलं नाही की तुमच्या हिशेबी तो हरला. पण ही स्पर्धा नव्हे. इथं आरोप करणाऱ्यानं सिद्ध करायचं असते. हे तुम्ही पोरांले शिकवता, असं तुमच्या नियमावलीत छापलं आहे."

"मग पियुषला झोपवलं कोणी?" देशकर म्हणाले.

"तेच तं. तुम्ही सगळ्यांनी विचारलं, पियुष झोपल्यानं कोण जिंकलं. मी विचारलं, पियुष झोपल्यानं काय घडलं नाही. त्याचं भाषण झालं नाही. ते या हॉलमध्ये कोणीच ऐकलं नाही. तं म्हटलं, ऐकू. पियुष, उठ गा. शेवटचा भाग म्हण."

खानझोडे सर उभे राहिले. "हा पोरखेळ आहे. मुलगा आजारी आहे."

"मी बरा आहे, सर," पियुष म्हणाला. दोन दिवस पोटात अडकलेलं भाषण बाहेर काढायची संधी तो सोडणार नव्हता. तो माईकपुढे गेला, हनुवटी उचलली.

"आणि म्हणून, मान्यवर, मी तुम्हाला आमच्या घरातल्या एका संध्याकाळकडे नेतो. दिवेलागणीची वेळ. माझी आजी ओट्यावर बसलेली. तिच्या डोळ्यांनी तिची साथ केव्हाच सोडली होती. आणि तेवढ्यात दुबईहून..."

सभागृहात कुजबुज उठली. पियुष थांबला, कारण त्याच्या लिखित भाषणात इथे कुजबुज नव्हती.

"...दुबईहून फोन वाजतो," मुग्धा जागेवरूनच म्हणाली. "आजी काचेवरून हात फिरवते आणि म्हणते, वाळलास रे."

पियुष तिच्याकडे बघत राहिला. "माझी आजी तुला कशी माहीत?"

"तुझी आजी तू जन्मायच्या आधी गेली गा," पंचफुलाबाई म्हणाल्या. "आन् मुग्धाची?"

"माझी धडधाकट आहे," मुग्धा रडू लागली. "तिला सुईत दोरा ओवता येतो. भाषण मामांनी आणून दिलं. खानझोडे सर मामांचे वर्गमित्र. मला वाटलं, माझ्यासाठीच लिहिलंय."

पंचफुलाबाई खानझोडेंकडे वळल्या.

"मित्राच्या भाचीसाठी तुम्ही नवीन भाषण लिहिलं नाही. पियुषचंच दिलं. वर्ध्याचं कोणी अंतिम फेरीत येत नाही, मंग दोघं भेटतात कुठं? यंदा भेटले. सुट्टीआधी मुग्धा बोलली आन् तुम्ही खुर्चीतच गार झाला. सुट्टीनंतर पियुष उठला असता तं तीच आजी पुन्हा आली असती. त्यानं मुग्धाचं ऐकलंच नव्हतं. त्याले सांगता येत नव्हतं की बदल, कारण सांगायचं म्हणजे काहून ते सांगायचं. आन् पाठ केलेलं भाषण ऐनवेळी बदलत नाही."

खानझोडेंचा आवाज शांत होता. "बाई, तुम्ही आत्ताच तर्कदोषांवर व्याख्यान दिलंत. भाषणं सारखी, म्हणून गोळी मी दिली? हे सिद्ध होत नाही."

"होत नाही," पंचफुलाबाई म्हणाल्या. "कारण सापडलं, कृत्य नाही."

हरकरेंची मान पुन्हा हलू लागली. त्यांना सरांचं पटू लागलं होतं.

"म्हणून काल मी तुम्हाले एकच विचारलं, कुठं होता. तुम्ही जुने खेळाडू. समोरचा काय म्हणेल ते ओळखून त्याच्या आधीच खोडून टाकायचं, ही तुमची सवय. तुम्ही चार आरोप खोडले. लाड केले, वैर वाढवलं, लक्ष दिलं नाही. हे तिन्ही ग्रुपवर होते. देशकरजी, चौथा कोणी केला होता काय? मध-आल्याचा?"

देशकरांनी आठवून पाहिलं. "मध? नाही. सगळे काढ्याबद्दलच बोलत होते."

"मंडळापासून पियुषच्या आईपर्यंत कोणाच्या डोक्यात मध नव्हता. पियुषनं तं दोनदा विचारूनही सांगितला नाही. जगात फक्त एका माणसाले वाटत होतं की मधाबद्दल कोणी तरी विचारणार. त्यानं न विचारताच उत्तर देऊन टाकलं."

त्या पियुषकडे वळल्या. "रविवारी सरांनी मध दिला होता काय?"

"तो काय, नेहमीच देतात," पियुष म्हणाला. "ते काय खाणं आहे का? प्रसादासारखं असतं." मग त्याचा चेहरा हळूहळू बदलला. "सुट्टीत दोनदा दिला. कडू होता. सर म्हणाले, आलं जून आहे."

"मोनाली, तुले?"

"सकाळी दिला होता. गोड होता."

खानझोडे सरांनी शर्टाची बाही सरळ केली आणि माईकजवळ गेले. पंचफुलाबाईंनी त्यांना जाऊ दिलं.

"मी या शहराला बोलायला शिकवलं," ते म्हणाले, आणि आवाज असा लागला की मागच्या रांगेतले लोक सावरून बसले. "ज्यांना घरी कोणी ऐकून घेत नव्हतं, त्या मुलांना मी सभागृह दिलं. आज माझ्याकडे काय आहे? ना घर, ना..."

"गोळी दिली की नाही?"

"...ना दार. माझी मुलं हीच माझी..."

"सर, दिली की नाही?"

हरकरेंच्या हातात रुमाल आला होता. पुढच्या रांगेतल्या दोघांच्याही.

"बाई, एका शिक्षकाच्या आयुष्याची किंमत तुम्ही एका..."

"तुम्ही ज्या प्रश्नावर येऊन नाही राहिले, तो मी रात्रीपर्यंत विचारीन. मले घाई नाही. दिली की नाही?"

खानझोडे सरांनी सभागृहावरून नजर फिरवली. टाळीची जागा आली होती आणि टाळी आली नव्हती.

"दिली," ते म्हणाले. माईकशिवायच्या आवाजात. "फक्त झोप यावी म्हणून. मोनालीवर आळ येईल असं मनातही नव्हतं."

"आल्यावर?" मोनालीने विचारलं. दोन दिवसांत त्या हॉलमधला तिचा हा पहिला प्रश्न होता. "आळ आल्यावर माझं गमतीत बोललेलं वाक्य कमिटीला तुम्हीच नेऊन दिलंत ना, सर?"

याचं खंडन त्यांनी लिहून आणलं नव्हतं. ते खाली बसले.

*

देशकरांनी परिस्थिती सावरायला घेतली. ठराव रद्द. खानझोडेंवर कारवाई, पियुषच्या घरच्यांना तक्रारीची मोकळीक. सर्वाधिक ठरलेले मुग्धाचे गुण बाद. "आणि ओघानेच, सर्वोत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस कुमारी मोनाली शेंडे यांना जाहीर करताना मंडळाला अभिमान वाटतो. झालं गेलं विसरून आपण सारे चहा घेऊ."

सुटकेच्या टाळ्या सुरू झाल्या. मोनाली उठली आणि माईकपुढे जाऊन टाळ्या संपेपर्यंत उभी राहिली.

"बक्षिसाचं नंतर बघू, सर," ती म्हणाली. "रविवारी तुम्ही सगळ्यांनी माझ्याविरुद्ध हात वर केले. माझी एक विनंती आहे. प्रत्येकाने उठून फक्त एवढं सांगावं, की कोणत्या कारणावरून हात वर केला. मी उत्तर देणार नाही. ऐकून घेईन."

देशकर हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "बेटा, याची काही गरज..."

"आहे, सर."

पंचफुलाबाईंनी खुर्ची ओढली आणि दाराला लावून बसल्या. देवराव त्यांच्या शेजारी उभे राहिले. चहावाला कप घेऊन आला, दारातली खुर्ची पाहून बाहेरच थांबला.

सभागृहात तीन माजी विजेते होते, दोन कीर्तनकार आणि एक निवृत्त सरकारी वकील. कोणाला सुरुवात सुचेना.

शेवटी चौथ्या रांगेतले एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत उठले. त्यांनी घसा साफ केला, समोर पाहिलं, मग खाली पाहिलं.

"शेजारच्याने केला," ते म्हणाले, "म्हणून केला."

"बरं, काका. बसा," मोनाली म्हणाली आणि शेजारच्याकडे वळली. "तुम्ही?"